खडीवरचं गाणं

रस्ते खात्याच्या कचेरीत, नकाशांच्या कपाटांमागे, रेघेकाका बसत. रेघे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभ्या नोकरीत माणसाने नुसत्या रेघा ओढल्या, म्हणून कचेरीने ठेवलेलं नाव. डांबरी रस्ता म्हणजे काळी सलग रेघ, खडीचा रस्ता म्हणजे तपकिरी तुटक रेघ. कुठे डांबर पडलं की काकांकडे फाईल यायची आणि काका तुटक रेघेवरून काळी शाई फिरवायचे. शाई फिरवणं त्यांच्या जिवावर यायचं, पण सरकारी नोकरीत जिवाला विचारतो कोण?

कारण काकांना आयुष्यात एकच शौक होता. रविवारी आपली जुनी गाडी काढायची आणि खडीच्या रस्त्यावरून हाकायची. कुठे पोचायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. चाकाखाली खडी कडकडते, मागे धुरळा उठतो, वळणावर गाडीचं बूड जरासं घसरतं, बस्स, एवढ्यावर स्वारी खूश. कचेरीत 'हो साहेब' आणि घरी 'हो गं' म्हणणाऱ्या माणसाला कुठेतरी आपल्या मनाने वळता आलं पाहिजे की नाही?

असे रस्ते शोधणं सोपं नव्हतं बरं का. सार्वजनिक हवा, खडीचा हवा आणि पलीकडून बाहेर पडणारा हवा. खात्याचा नकाशा हाताशी होता, पण खात्याच्या नकाशावर खात्याचा माणूससुद्धा विश्वास ठेवत नाही. एकदा नकाशातला सार्वजनिक रस्ता एका गृहस्थाच्या अंगणात जाऊन संपला. काका नकाशा उलगडून रस्ता दाखवू लागले, तर गृहस्थाने कुत्रं सोडलं.

बायको शेजारी बसायची. घरी ती कामापुरतं बोले. 'दिवा गेलाय', 'दार लावा', संपलं. पण खडीवर चाक चढलं की ती खिडकीकडे तोंड करायची आणि तिचे ओठ हलू लागायचे. खडखडाटात अक्षर ऐकू येत नसे. काकांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: बाई गाते! लग्नाआधी ती छान गायची, असं तिच्या आईने सांगितलं होतंच. तेव्हा काका स्टिअरिंगवर ताल धरायचे, मान डोलवायचे आणि मधूनच "वा!" म्हणायचे.

"अगं, जरा मोठ्याने म्हण की!" एकदा ते ओरडले.

"काय?"

"मोठ्याने म्हण!"

तिने दचकून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. लाजली, असं काकांना वाटलं. पण रविवारी तीच आधी तयार होऊन बसायची, आणि बायकोलाही आपला शौक लागला म्हणून काकांची छाती फुगायची.

हळूहळू सगळे रस्ते काळे झाले. शेवटी खाणीमागच्या टेकडीवरून जाणारा एकच उरला, आणि एक दिवस त्याचीही फाईल आली. खाणवाल्याचं म्हणणं होतं की या रस्त्याने चिटपाखरू जात नाही, सबब तो सार्वजनिक यादीतून काढावा आणि मला फाटक लावू द्यावं.

काका पहिल्यांदाच न बोलावता साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, त्या रस्त्याने लोक जातात."

"कोण लोक?"

'मी आणि माझी बायको' एवढं 'लोक' या शब्दात बसत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

"ठीक आहे, नळी टाकू," साहेब म्हणाले. "गाड्या दिसल्या तर रस्ता राहील. नाहीतर लावू दे त्याला फाटक."

ही नळी म्हणजे रबराची. रस्त्यावर आडवी टाकायची. तिच्यावरून चाक गेलं की कडेच्या पेटीतला आकडा पुढे सरकतो. पेटीला डोळे नसतात. कोण गेलं, कशाला गेलं, हे तिला कळत नाही. खात्यालाही कळत नाही, म्हणून तर दोघांचं जमतं.

काकांनी रजा टाकली.

"आज रविवार नाही," बायको म्हणाली.

"रस्ता बंद करतायत. गाड्या दिसल्या नाहीत तर संपलं आपलं फिरणं."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "बंद? छे, छे. बंद होता कामा नये." आणि पर्स उचलून ती त्यांच्याआधी गाडीत जाऊन बसली. काकांना भरून आलं. बघा, एवढी वर्षं संसार केला आणि बाईची आवड आज कळतेय!

दोघं नळीवरून जात होते, वळत होते, परत येत होते. एका गाडीने किती आकडा होणार? तेव्हा बायकोनेच भावाला फोन लावला. मेहुण्याचा ड्रायव्हिंग क्लास होता.

"भाऊजी, काळजीच सोडा," मेहुणा म्हणाला. "आमच्या शिकणाऱ्यांना अशा रस्त्याची सवय हवीच. पाठवतो सगळ्या गाड्या."

त्या आल्या. शिकाऊ माणसं नळी दिसली की साप दिसल्यासारखा करकचून ब्रेक मारत. गाडी बंद पडे, मागे सरके, धक्का खाऊन पुढे जाई, आणि प्रत्येक वेळी पेटीत आकडा पडे. हा काय तमाशा चाललाय ते बघायला खाणवाल्याने आपला मुकादम मोटरसायकलवर पाठवला. तो बिचारा पाळत ठेवायला दिवसभर खालीवर करू लागला. शत्रूची चाकंसुद्धा काकांच्या आकड्यात जमा झाली.

नळी उचलल्यावर साहेबांनी काकांना स्वतःहून खुर्ची दिली. "काका, तुमचंच खरं निघालं हो!"

"म्हणजे रस्ता बंद नाही होणार?"

"बंद? अहो, भर बाजारात एवढ्या गाड्या नसतात! आणि एवढ्या वर्दळीला आपण खडी देतोय? खात्याची अब्रू गेली असती. डांबर टाकायचं, लगेच. वरपर्यंत तुमचं नाव कळवलंय मी."

काकांच्या पायाखालची खडीच सरकली. "साहेब, पण... लोकांना खडी चालते. म्हणजे, आवडते."

साहेब एवढे हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "खडी आवडते! काका, विनोदी आहात!"

आता काय करावं? गाड्या खोट्या होत्या असं सांगावं, तर फाटक; गप्प बसावं, तर डांबर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही काकांनी स्वतःच्या हाताने खणलेली.

"हो साहेब," काका म्हणाले.

रोलर फिरला. तपकिरी रेघेवर काळी शाई काकांनाच फिरवावी लागली, आणि त्या दिवशी त्यांची रेघ जन्मात पहिल्यांदा वाकडी आली. खाणवाला मुद्दाम कचेरीत येऊन त्यांचे हात हातात धरून गेला. "काका, फाटक काय करायचंय आता? माझ्या ट्रकांना रस्ता दिलात, उपकार झाले!" काकांना त्याचा गळा धरावासा वाटला.

पुढच्या रविवारी बायको नेहमीसारखी तयार होऊन बसली होती. "निघायचं ना?"

"आता काय उरलंय तिथे?"

"चला तरी."

नवा रस्ता तुळतुळीत होता. गाडीचा आवाजच बंद झाला; आपली गाडी इतकी मुकी असू शकते हे काकांना ठाऊक नव्हतं. नेहमीचं वळण आलं. बायकोने सवयीने खिडकीकडे तोंड केलं, तिचे ओठ हलू लागले. काकांनी कान टवकारले. चला, रस्ता गेला तर गेला, गाणं तरी ऐकू येईल!

आणि आलं.

"...जन्म गेला या डबड्यात. आई म्हणाली, माणूस शांत आहे. शांत! भिंतसुद्धा शांत असते. शाळेत गाणं शिकवायची नोकरी चालून आली होती, तर म्हणे, घरी कोण बघेल? घर काय पळून चाललं होतं? तुझी आई मला वाटेल ते बोलायची, तेव्हा तू पेन्सिलीला टोक काढत बसायचास. कधी विचारलंस, तुला कुठे जायचंय? एकदा तरी? आणि वर मेला मान डोलवतो. 'वा' म्हणतो!"

डोलायला निघालेली मान अर्ध्यात अडकली. जन्मात तिने त्यांना 'तू' म्हटलं नव्हतं. म्हणजे दर रविवारी हे चाललं होतं, आणि दर रविवारी आपण ताल धरला. काकांना इतकी लाज वाटली की खिडकीबाहेर उडी मारावीशी वाटली.

बायको एकदम थांबली. गाडीतली शांतता तिच्याही लक्षात आली असावी. "अहो," ती बिचकत म्हणाली, "काही ऐकलंत का?"

"नाही गं. काय?"

"काही नाही."

वळण मागे पडलं. मग पर्सचा पट्टा मुठीत आवळत ती म्हणाली, "आता रविवारी नको यायला. काय ठेवलंय इथे?" आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रस्ता आपला एकट्याचा गेला असं काका समजत होते. तिचाही गेला होता, आणि तिच्याकडे तर तेवढाच होता.

'तुला कुठे जायचंय?' हे विचारायला याहून चांगली वेळ आली नसती. पण इतकी वर्षं न विचारलेली गोष्ट आज एवढ्या शांततेत विचारायची कशी? तिला ऐकू जाईल ना!

डांबराच्या कडेला साइडपट्टी होती. ठेकेदाराने तिथे नुसती खडी ओतून ठेवली होती. काकांनी बायकोच्या बाजूची दोन चाकं हळूच तिच्यावर उतरवली. कडकडाट सुरू झाला, काचा थडथडू लागल्या. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. काका समोर बघत होते. जरा वेळाने तिने खिडकीकडे तोंड केलं आणि तिचे ओठ पुन्हा हलू लागले.

"तुला कुठे जायचंय?" काकांनी विचारलं.

खडखडाटात तिला ते ऐकू गेलं नाही. नेहमीसारखं 'वा' म्हणाले असतील असं समजून तिने मान डोलवली.