निमजेकाकांची हद्द

सकाळी नळ यायची वेळ झाली की आमचे शेजारी निमजेकाका अंगणात पालथे पडत आणि जमिनीला कान लावत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला. तांब्या घेऊन धावलो आणि सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. काका उठले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पानी काहून वाया घालवून राहिले गा मास्तर? मी पाइप ऐकून राहिलो."

काका तारखात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर तारयंत्राची कटकट ऐकलेल्या कानाला जमिनीखालची गळतीही ऐकू येते, अशी त्यांची खात्री होती. मोहल्ल्यात कुठेही चिखल दिसला की पहिला सवाल, "हद्द कोनाची?" रस्त्यातल्या मोठ्या लाइनीपासून घरापर्यंतचा पाइप घरवाल्याचा आणि दुरुस्तीही त्याचीच, हा कायदा ते भाजीवालीलासुद्धा ऐकवत. आमच्या पेरूचं पान त्यांच्या अंगणात पडलं तर ते उचलून परत आणून देत. पेरू पडला तर मात्र कायदा बदलत असे.

एका मे महिन्यात आमच्या दोन घरांमधल्या बोळात पाणी साचायला लागलं. बोळातून दोघांचेही पाइप शेजारी शेजारी गेले होते. काकांनी कान लावला आणि निकाल दिला, "तुमचा गळते."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. हक्क महिनाभर शिकवायचो आणि कर्तव्यं परीक्षेच्या आदल्या तासाला उरकायचो. असा माणूस गळती कबूल करतो होय? आमची चांगलीच जुंपली. शेवटी पाणीखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, "कोनाचा का असेना, सोमवारपर्यंत दुरुस्त करा. नाहीतर दोघायचंही कनेक्शन बंद."

नागपूरचा मे आणि नळ बंद! बायको म्हणाली, "प्लंबरले बोलवा ना."

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हणालो.

तिने कोपऱ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून माझ्या हातात दिली.

रविवारी सकाळी मी खणायला घेतलं. तळहाताला फोड आले, पण माझा पाइप उघडा पडला आणि तो चक्क कोरडा होता! मला इतका आनंद झाला की मी काकांना हाक मारली, "या, बघा डोळ्यांनी!" आणि ऐटीत सब्बल जमिनीत रोवली. ती नेमकी माझ्याच पाइपाच्या सांध्यात घुसली. नळाची वेळ होती. कारंजं उडालं आणि माझ्या निर्दोषपणाचा पुरावा मला नखशिखान्त भिजवून गेला.

काका हसले नाहीत. मोठ्या लाइनीकडची चावी बंद करून आले, घरून पाना, सुतळी आणि सांध्याला लावायचा सफेदा आणला आणि धोतर खोचून खड्ड्यात उतरले. माझा पाइप सांधताना त्यांचा हात शेजारच्या, म्हणजे त्यांच्याच पाइपाच्या सांध्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो पुसला. पाइपात उरलेलं पाणी पुन्हा थेंबाथेंबाने वर आलं.

"माहाच गळत होता," ते म्हणाले. मग हळूच, "कानाले आता ऐकू येत नाही, मास्तर. कोनाले सांगू नका."

या कबुलीसाठी मी आठवडाभर तडफडलो होतो. ती मिळाली आणि मला फार वाईट वाटलं.

दुपारपर्यंत काकांनी दोन्ही सांधे बसवले. बायकोने त्यांना झुणका-भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बरोबर जेवणाच्या वेळी हजर. "सांधा पाहून जातो." तिसऱ्या दिवशीही सांधा पाहायचा होताच. माझ्या पाइपाची इतकी काळजी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. तरी ते जेवून गेले की मी मठ्ठासारखा बोळात जाऊन, खरंच गळतंय की काय, ते बघून येई.

बायकोला माझ्याआधी कळलं. एके दिवशी पान वाढता वाढता ती म्हणाली, "काका, सांध्याचं निमित्त काहून करता? रोज जेवालेच येत जा."

काका ताटाकडे पाहत राहिले.

"तुही काकी गेली त्याले वर्स झालं, पोरी. मी अजून दोन ताटं घेतो. मंग एक पुसून ठेवून देतो."