शून्य उत्सर्जनाचे साडेचार तास

सल्लागार व्हायला फार काही लागत नाही. एक कार्ड लागतं आणि समोरच्याला मधेच तोडायची सवय लागते. आपल्या या गृहस्थांना सवय जन्मजातच होती. सेहेचाळिसाव्या वर्षी विमा कंपनीतली नोकरी सोडून, मालट्रकांच्या धुरावरचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम उरकून त्यांनी कार्डं तेवढी छापून घेतली. पाचशे! वर ठसठशीत अक्षरांत: 'शून्य उत्सर्जन सल्लागार'. खाली फोन नंबर.

"यात ट्रक कुठायत?" बायकोनं विचारलं. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची.

"ते गृहीत आहे."

"अहो, आमच्या आठवीला उत्सर्जनाचा धडा आहे. मूत्रपिंडाची आकृती काढा, भागांना नावं द्या, पाच गुण. लोक भलतंच काहीतरी..."

"संदर्भ!" सल्लागारांनी बोट वर केलं. "शब्दाला संदर्भ असतो! ट्रकवाल्याला मूत्रपिंड कशाला आठवेल?"

बायको पुन्हा उत्तरपत्रिकांकडे वळली. अशा उत्तरांना किती गुण द्यायचे, हे तिला पाठ होतं.

पहिलं गिऱ्हाईकही घरातल्या घरात मिळालं. बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे दादा. दादाचे बारा मालट्रक होते आणि नवा नियम त्याच्या छातीवर बसला होता. नियम असा, की पहिल्या तारखेपासून 'शून्य उत्सर्जन' मान्यता नसलेल्या मालकाच्या गाड्यांना शहरात प्रवेश बंद. मान्यतेसाठी निदान दोन ट्रक विजेवर चालणारे हवेत, बाकीचे पाच वर्षांत बदलायची हमी हवी, आणि तपासणीच्या दिवशी यार्डात एकाही डिझेल गाडीनं धूर सोडता कामा नये. विजेचे दोन ट्रक दादानं घेतले होते; ते धरूनच बारा. उरली होती तपासणी.

"जावईबापू," दादा म्हणाला, "मान्यता हुकली तर बारा गाड्या जागेवर आणि बारा ड्रायव्हर घरी. मग मी काय, फाटक उघडझाप करत बसू?"

"दादा, तुम्ही फक्त डोळे मिटून निवांत बसा!"

"मिटतो हो. उघडल्यावर काय दिसेल, त्याची धास्ती आहे."

त्याच संध्याकाळी सल्लागारांनी यार्डाच्या भिंतीवर एक सूचना डकवली. भाषा अशी करकरीत, की वाचणाऱ्यानं नकळत चपला काढाव्यात:

'समस्त चालकांस कळविण्यात येते की, बुधवारी तपासणी आहे. सकाळी सातपासून अधिकारी प्रस्थान करेपर्यंत यार्डात, तसेच मागच्या भिंतीआड, शून्य उत्सर्जन पाळावे. एकाचेही उत्सर्जन आढळल्यास सर्वांची मान्यता रद्द होईल. अधिकारी मोजण्याचे यंत्र आणणार आहेत.'

सूचनेपुढे ड्रायव्हरांची गर्दी झाली. त्यांच्यातला सर्वांत जुना ड्रायव्हर पंतोजी. सगळ्यांचे रजेचे अर्ज तोच लिहायचा, म्हणून हे नाव. पंतोजीनं सूचना दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"उत्सर्जन म्हणजे काय, ते मी शाळेत छडी खाऊन शिकलोय," तो म्हणाला आणि त्यानं हळू आवाजात अर्थ सांगितला.

"हॅट! तेसुद्धा मोजणार?"

"गाडीचं वजन मोजतात, उंची मोजतात. आपल्यालाच बरे सोडतील!"

"आणि बघा ना," तिसरा म्हणाला, "मागची भिंतसुद्धा ठाऊक आहे त्यांना."

हा मुद्दा बिनतोड होता. मुकादमानं थेट सल्लागारांना फोन लावला. यार्डाची सगळी व्यवस्था मुकादमाकडे होती आणि काळजी करणं हाच त्याचा एकमेव छंद होता.

"साहेब, शून्य म्हणजे अगदी शून्य?"

"शून्यात कमी-जास्त असतं का?"

"नाही, पण कुणाला फारच निकड आली तर?"

"निकड कसली? सातच्या आत उरकून घ्या ना सगळं!"

"तेवढं... पुरेल?"

"नियोजन केलं की पुरतं!"

"बरं. आणि त्या दोन नव्यांचं काय?"

नव्या ट्रकांबरोबर दोन नवे ड्रायव्हरही आले होते. सल्लागारांच्या डोळ्यांपुढे मात्र ट्रकच होते. "त्यांची काळजीच सोडा. त्यांना उत्सर्जन होतच नाही."

मुकादमाचा आवाज एकदम खाली आला.

"कधीच?"

"कधीच! बनावटच तशी आहे त्यांची."

मुकादमानं फोन ठेवला. समोर ते दोघं नवे ड्रायव्हर केळी खात बसले होते. त्यांच्याकडे तो आदरानं आणि थोड्या भीतीनं पाहत राहिला.

बुधवारी सकाळी सात वाजता मुकादमानं दोन्ही स्वच्छतागृहांना कुलूप ठोकलं. मागच्या भिंतीकडची वाट जुने टायर रचून बंद केली. किल्ली कुणाकडे ठेवावी, हा प्रश्न होता. मोहाचा धोका नको! मग त्यानं ती विजेच्या एका ट्रकात, नव्या ड्रायव्हरच्या कप्प्यात टाकली. ज्याला गरजच नाही, त्याच्यापाशी किल्ली सर्वांत सुरक्षित.

अधिकारीबाई नऊला येणार होत्या. नवाचे दहा झाले, दहाचे अकरा झाले. सल्लागार इस्त्रीचा शर्ट घालून यार्डात फेऱ्या मारत होते आणि त्यांच्या बरोबरीनं सगळं यार्डच फेऱ्या मारत होतं. कुणी एका पायावर उभा होता, कुणी टायरवर बसून लगेच उठत होता, कुणी आकाशाकडे बघत मनातल्या मनात आकडे म्हणत होता. चहाची किटली जशी आली तशी भरलेली परत गेली.

"बघा दादा!" सल्लागार भारावून म्हणाले. "केवढी तळमळ! पर्यावरणासाठी माणूस असा आतून पेटावा लागतो."

"पेटलेत खरे," दादा म्हणाला. "पण तो पंतोजी तोंडात रुमाल का चावतोय?"

इतक्यात हात धुवायला म्हणून सल्लागारांनी नळ सोडला. पाण्याची धार पडली आणि दहा कंठांतून असा काही हुंकार निघाला, की फाटकावरचा कुत्रा उठून बाहेर गेला.

"पाणी प्या रे सगळे! ऊन किती आहे!" सल्लागार ओरडले.

ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आपल्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

साडेअकराला अधिकारीबाई आल्या. त्यांनी आधी विजेचे दोन्ही ट्रक शहराला वळसा घालून यायला पाठवले. नवे ड्रायव्हर फाटकाबाहेर पडताना इतके हसत होते, की बाईंनी 'चालक उत्साही' अशी नोंद केली. मग त्यांनी पेटीतून यंत्र काढलं. यंत्राला लांबलचक नळी होती.

"चला, आता उरलेल्यांचं बघू," बाई म्हणाल्या. "कुणापासून सुरुवात?"

सगळे चार पावलं मागे सरकले. शेवटी पंतोजी पुढे झाला, हात जोडून.

"बाई, नियम आम्हाला मान्य आहे. सातपासून पाळतोय. पण माणसाला रोज असं जमायचं नाही हो! थोडी तरी सूट द्या."

"किती सूट हवी?"

"दिवसातून तीन-चारदा. थंडीत पाच."

"डिझेलचं म्हणताय ना?"

"डिझेल कुठून येणार, बाई!" पंतोजी कळवळला आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं.

बाईंनी सूचना वाचली. मग ड्रायव्हरांचे पाय पाहिले. मग पुन्हा सूचना वाचली.

"कुणी लिहिलंय हे?"

दहा बोटं एकदम सल्लागारांकडे वळली. अकरावं दादाचं होतं.

"अहो, हा नियम गाड्यांसाठी आहे!" बाई म्हणाल्या. "माणसांनी खुशाल जावं!"

'जावं'मधला 'वं' हवेत असतानाच यार्ड रिकामं झालं! स्वच्छतागृहांवर धाड पडली. कुलूप! किल्ली कुठाय? विजेच्या ट्रकात! ट्रक कुठाय? शहराच्या दुसऱ्या टोकाला! मागच्या भिंतीकडे धावले, तर टायरांचा डोंगर! आता उरला हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप, पण तो दोन किलोमीटरवर होता आणि चालायची ताकद कुणातच नव्हती.

दहा माणसांनी दहा डिझेल ट्रकांत उड्या टाकल्या. दहा इंजिनं एकदम खवळली. काळ्या धुराचा असा लोट उठला, की अधिकारीबाई, दादा आणि सल्लागार त्यात दिसेनासे झाले. दहाही गाड्या फाटकातून अशा सुटल्या, जणू मागून दुसरा नियम येतोय.

धूर विरला. बाईंच्या हातातलं यंत्र अजून टीं टीं करत होतं.

"जावईबापू," दादा खोकत म्हणाला, "शून्य आलं का?"

सल्लागारांनी वाकून आकडा पाहिला. "आलंय, दादा. फक्त त्याच्या आधी नऊ आहे."

बाईंनी भुवईवरची काजळी पुसली. गाडी रद्द करायची की माणूस, याचा त्या थोडा वेळ विचार करत असाव्यात. मग त्यांनी लिहिलं: 'चालकांची नियम पाळण्याची तयारी अभूतपूर्व. फेरतपासणी आठ दिवसांनी. दरम्यान सूचना ज्याला भाषा येते त्याच्याकडून लिहून घ्यावी.'

ती बायकोनं लिहिली. सगळी मिळून तीन वाक्यं: 'बुधवारी यार्डात डिझेलची गाडी चालू करू नका. माणसांनी हवं तेव्हा जावं. किल्ली खिळ्याला आहे.' तपासणी वीस मिनिटांत आटोपली, मान्यता मिळाली आणि पहिल्या तारखेला दादाचे बाराही ट्रक शहरात शिरले. दादानं बहिणीला फोन करून आभार मानले. जावईबापूंना नमस्कार सांगितला, तोही तिच्याकरवी.

ड्रायव्हरांनी मात्र मनात काही ठेवलं नाही. उलट सल्लागारांनी वाटलेली कार्डं त्यांनी वाटेतल्या पेट्रोल पंपांवर नेऊन लावली. कुठे लावली, ते सल्लागारांना चार दिवसांनी, दुपारी पहिला फोन आला तेव्हा कळलं.

"शून्य उत्सर्जन सल्लागार ना?" एक कासावीस आवाज.

"बोला!" सल्लागार ताठ बसले. "किती गाड्या आहेत आपल्याकडे?"

"गाडी कसली हो! इथं स्वच्छतागृहाच्या दारावर तुमचं कार्ड बघितलं. कालपासून माझं अगदी शून्यच आहे. काय करू?"

सल्लागारांनी 'संदर्भ' हा शब्द उच्चारण्यासाठी बोट वर केलं. शेजारी बायको उत्तरपत्रिका तपासत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आधी डॉक्टरकडे धाडा. आणि विचारा, पाणी किती पितात."

बोट हळूहळू खाली आलं.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा," सल्लागार म्हणाले. "आणि... पाणी किती पिता?"