तेबानचा डावा बूट

तेबानला शवपेटीत निजवलं तेव्हा त्याच्या अंगात पांढरा बारोंग सदरा होता, बोटांत जपमाळ होती आणि पाय अनवाणी होते. मारिकिना गावच्या आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात बूट शिवतात, पण मेलेल्या माणसाला बूट कोणी घालत नाही. घातले तर तो घरी परत येतो आणि त्याची पावलं ऐकू येतात म्हणे. ही ब्याद नको म्हणून भल्याभल्यांना आम्ही अनवाणीच वाटेला लावतो. तेबानच्या बायकोला, साबेलला, मात्र नेमकी तीच ब्याद हवी होती.

तेबानचा डावा बूट एकतीस वर्षं कुरकुरत आला होता. दुपारी बाराला तो दुकानातून जेवायला निघाला की आधी गल्लीच्या तोंडाशी झोपलेली कुत्री उठून बसत, मग कुर्र, कुर्र करत आवाज पुढे सरके, आणि तो विहिरीशी आला की साबेल भात वाढायला घेई. तेबान दारात पोचायचा तेव्हा ताटातून वाफ निघत असायची. अख्ख्या गावाचे बूट गप्प करणाऱ्या कारागिराचा स्वतःचा बूट असा बोंबलायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वरचं तपकिरी कातडं त्याने दर रविवारी मेण चोळून आरशासारखं ठेवलं होतं, तळ नऊ वेळा बदलले होते, पण प्रत्येक नव्या तळातून जुनीच कुरकुर बाहेर यायची.

"लोकांच्या बुटांना गप्प बसवतोस, घरचा एक तुझं ऐकत नाही," असं साबेल त्याला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची. तो हसायचा आणि अजून भात मागायचा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तो बूट गप्पच होता. तेव्हा एकदा साबेल मासे तळत असताना तेबान मागे येऊन उभा राहिला. ती दचकली, कढई कलंडली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग कायमचा राहिला. माणसाने मांजरासारखं घरात शिरू नये, असं तिने त्याला चांगलं सुनावलं होतं. पुढच्याच आठवड्यात बूट कुरकुरू लागला. तळ सैल झाला असेल, असं साबेलला वाटलं आणि पुढे ती ते विसरूनही गेली.

आता घरात मयत होतं. रिवाजाप्रमाणे केर काढायचा नव्हता, आलेल्यांना दारापर्यंत पोचवायला जायचं नव्हतं, आणि पेटीच्या काचेवर अश्रू पडू द्यायचे नव्हते. साबेलने सगळं पाळलं. फक्त तिसऱ्या दिवशी ती बुटांची पिशवी घेऊन पोल्दिंगकडे गेली. पोल्दिंग म्हणजे तेबानच्या दुकानातला त्याच्या शेजारचा कारागीर. दोघांनी तीस वर्षं कोपराला कोपर लावून काम केलं होतं.

बूट कपाटात आठवण म्हणून ठेवायचे आहेत, जरा पॉलिश करून दे, असं ती म्हणाली. पोल्दिंगने मान हलवली. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"घोट्यापाशी जरा सैल कर. ताठर पाय आत जायला हवेत."

कपाटाला घोटे नसतात, हे पोल्दिंगला कळायला वेळ लागला नाही. तेबानची हस्तिदंती मुठीची आरी त्याने अकरा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी मागून घेतली होती आणि ती अजून त्याच्याच डब्यात होती. तेबान आरी मागायला आला, तर आधी याच दुकानात येणार. तो येणारच असेल तर येऊ दे, पण निदान त्याचा आवाज तरी नको, असा विचार करून पोल्दिंगने डाव्या बुटाची टाच उखडली, तळ उलगडला, आत पावडर भुरभुरली आणि मेणाच्या दोऱ्याने असा घट्ट शिवला की हत्ती जरी चालला तरी तो बूट ब्र काढणार नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तेबानच्या बुटाची खोड त्याच दुपारी गेली.

दफनाच्या सकाळी पेटी बंद करायला आलेल्या माणसाला साबेलने गरम कॉफी पाजली आणि हळूच पिशवी पुढे केली. नवऱ्याच्या पायांना जन्मभर थंडी वाजायची, एवढंच ती बोलली. पेटीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला काच असते. खालच्या अर्ध्यात कोणी डोकावत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने दुपारी बाराला दोन ताटं मांडायला सुरुवात केली. आत्मा चाळीस दिवस आपल्या माणसांत फिरतो आणि मग वर जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे घाई नव्हती. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. पंधरावा दिवस गेला, विसावा गेला. बारा वाजता ती चूल बंद करायची, म्हणजे फोडणीच्या आवाजात काही निसटायला नको. भात निवायचा. कुत्री झोपलेलीच असायची. पंचविसाव्या दिवशी तिला रडू आलं. त्याला माझी आठवण येत नसेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते मरणापेक्षा वाईट होतं.

मग तिने स्वतःची समजूत काढली: पेटी बंद करणाऱ्या माणसाने बूट घातलेच नसतील, किंवा उलट्या पायात घातले असतील. ती थेट स्मशानभूमीच्या कचेरीत गेली. तिथे एक तरुण बाई अर्ज भरून घेत होती.

"नानाय," आईला मारतात तशी हाक मारून तिने विचारलं, "थडग्याचा कप्पा उघडायचं कारण काय लिहू?"

"बूट बघायचाय."

"कोणाचा?"

"नवऱ्याचा. डावा."

बाईने अर्ज वरून खालपर्यंत वाचला. अवशेष हलवायचे असतील तर रकाना होता, मुदत संपली असेल तर होता, कोर्टाचा हुकूम असेल तर त्यालाही होता. बुटासाठी नव्हता. तिने 'इतर' या शब्दापुढे खूण केली आणि बायकोशिवाय मृताच्या रक्ताच्या सख्ख्या नातेवाइकाचीही सही आणायला सांगितली. इथेच माशी शिंकली, कारण तेबानचं सख्खं असं एकच माणूस उरलं होतं: त्याची थोरली बहीण मिलिंग.

मिलिंगला सगळे आते, म्हणजे ताई, म्हणत. आते मिलिंग म्हणजे आमच्या गल्लीचं रिवाजांचं कोर्ट. तिने चष्मा लावला, अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्चीचा हात धरला. सही राहिली बाजूला. संध्याकाळपर्यंत तेबान बूट घालून गेल्याची बातमी नदीपलीकडे पोचली.

आणि त्याच दिवसापासून गल्लीला तेबान ऐकू यायला लागला. आते मिलिंगला तो पत्र्यावर ऐकू आला. बर्फवाल्याला दुकानामागे आला. सोनिया नावाच्या शिंपिणीने तर कुर्र असा आवाज तीनदा मोजला आणि चौथ्यांदा ती पलंगावर चढली. उंबऱ्या-उंबऱ्यावर मीठ पडलं. ऐकू आला नाही तो फक्त साबेलला.

तिचा जळफळाट बघवत नव्हता. ज्याच्या घरी तेबान ऐकू आला असेल त्याच्या घरी ती दुपारी झाकलेलं ताट घेऊन जाऊन बसायची. घरवाले बिचारे भिऊन बाहेर उभे, आणि ही आत कान टवकारून. बारा वाजायचे, साडेबारा वाजायचे, मग ती ताट उचलून घरी यायची.

"मिलिंगच्या पत्र्यावर चढायला वेळ आहे त्याला," ती पोल्दिंगला म्हणाली. "जिवंत होता तेव्हा आमचं छप्पर गळायचं तर एक दिवस चढला नाही. पोल्दिंग, मी रोज टोमणे मारायची ना त्याला. मनाला लागलं असेल का रे?"

दफनापासून पोल्दिंग भिंतीला पाठ लावून बसायचा. तेबान आला तर आता कळायचंसुद्धा नाही, ही गोष्ट त्याच्या उशिराच लक्षात आली होती. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं त्याने.

एकोणचाळिसाव्या दिवशी उद्याच्या प्रार्थनेची तयारी करायला गल्ली साबेलच्या अंगणात जमली. शेवया भिजत होत्या, केळीची पानं पुसणं चाललं होतं, आणि बोलणं फिरून फिरून तेबानवर येत होतं. आते मिलिंगने काल पुन्हा ऐकलं होतं. आता तर तो आवाज आधीपेक्षा मोठा झालाय, असं ती सांगत होती. तळ पार उसवला असावा, शिवण कच्ची असेल, असं तिने वर जोडलं.

पोल्दिंगने बाकी सगळं सहन केलं असतं. शिवण कच्ची म्हटलेलं त्याला सहन झालं नाही.

"कच्ची? आते, माझ्या हातची शिवण आहे ती. तो बूट कुरकुरणं शक्यच नाही."

आपण काय बोलून बसलो हे पोल्दिंगला सगळ्यांच्या तोंडांवरून कळलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं: घोट्याचं, आरीचं, भीतीचं, पावडरीचं. आते मिलिंग आपल्या पत्र्यावर नक्की कोण चालत होतं याचा विचार करू लागली. साबेल मात्र उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती थोबाडीत देणार असं सगळ्यांना वाटलं, आणि पोल्दिंगने गाल पुढे केलाही होता.

"म्हणजे तो येत असेल," ती म्हणाली. "मला ऐकू येत नसेल एवढंच."

पोल्दिंगने खिशातून कागदाची पुडी काढली. ती तो महिनाभर खिशात घेऊन हिंडत होता. पुडीत नखाएवढी, कडेने रापीने अगदी पातळ तासलेली कोरड्या कातड्याची चकती होती.

"ही टाचेवर, तळाच्या दोन थरांमध्ये होती. तासणी तेबानची आहे, मी कुठेही ओळखीन. साबेल, तो बूट बिघडलेला नव्हता. त्याने मुद्दाम बोलका ठेवला होता. नऊ वेळा तळ बदलला आणि नऊही वेळा ही परत आत घातली. मी त्याला किती वेळा म्हटलं, दे, मी करून देतो. तो म्हणायचा, राहू दे, घरी कोणीतरी दचकतं."

साबेलने चकती तळहातावर घेतली. त्याच हातावर तो डाग होता. एकतीस वर्षं गल्लीने त्याला हसून घेतलं होतं, आणि त्यात सर्वांत पुढे ती स्वतः होती. ती रडली, आणि या वेळी जवळ पेटी नव्हती म्हणून कोणी अडवलं नाही.

मग ती आत गेली आणि स्वतःचा डावा बूट घेऊन आली. काळा, पट्ट्याचा, तेबाननेच लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शिवून दिलेला.

"ही यात घाल."

"चांगला बूट आहे, कशाला बिघडवतेस?"

"माझी वेळ आली की हा माझ्या पायात घालायचा. आते, तुम्ही काही बोलू नका. त्याचा आवाज याने काढून घेतला, आता मी त्याला शोधू कशी? मी आलेली त्याला तरी ऐकू येऊ दे. एकदम मागे जाऊन उभी राहिले तर दचकेल बिचारा."

आते मिलिंगने तोंड उघडलं आणि मिटलं. गल्लीच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना आटोपल्यावर साबेल दुकानात गेली. वाईट काम मुद्दाम करायचं म्हणजे पोल्दिंगच्या हातांना फार जड गेलं. पहिल्यांदा बूट गप्पच राहिला. दुसऱ्यांदा कुरकुरला, पण साबेलने दोन पावलं टाकून मान हलवली. हा टेकताना बोलतो, त्याचा उचलताना बोलायचा, असं तिने सांगितलं. पोल्दिंगने तेबानची आरी डब्यातून काढली, चकती केसभर सरकवली, टाके घातले, आणि काम झाल्यावर आरी तेबानच्या रिकाम्या पाटावर ठेवून दिली.

साबेल उभी राहिली. पाऊल उचललं. हुबेहूब त्याचीच कुर्र झाली, आणि ती तशीच घराकडे चालू लागली. बारा वाजत आले होते. गल्लीच्या तोंडाशी कुत्री उठून बसली. बर्फवाल्याने दार लावून घेतलं. कुर्र, कुर्र करत आवाज विहिरीपर्यंत आला, विहीर ओलांडून दारात आला, आणि साबेल लगबगीने आत जाऊन भात वाढू लागली. हा आवाज आपल्याच पायाचा आहे, हे तिला ताट भरल्यावर आठवलं.

तिने ते ताट उचललं नाही. समोर दुसरं वाढून घेतलं आणि भात गरम होता तोवर जेवून घेतलं.