मनोहररावांच्या पोटातले मजूर

मे महिन्याच्या भर दुपारी लाइन गेलेली असताना आमच्या फाटकाशी कोणी "सर, दार उघडा, मानसं मरून राहिली!" असं ओरडलं, तर खुशाल समजावं की मनोहरराव राऊत आलेत. पहिल्या वेळी मी बनियनवरच धावलो होतो. पाहतो तर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा छातीशी धरून हा माणूस उभा.

"तुमच्या घरी इन्व्हर्टर हाय न? फ्रिजमधी ठेवा लवकर. माहे मजूर हायेत याच्यात."

मजूर म्हणजे पोटातले जंतू. मनोहरराव आमचे अमरावतीतले शेजारी, भातकुली रोडला भाजीपाल्याचं वावर. पोटाने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. जेवले की कळ आणि कळ आली की धाव. नळ्या घालून, फोटो काढून सगळं तपासून झालं. "रिपोर्ट नॉर्मल, मानूस अबनॉर्मल," असं ते स्वतःच सांगत. शेवटी एका डॉक्टरने या दुखण्याला आयबीएस म्हणतात असं सांगितलं. आतड्यात चांगले जंतूही असतात, प्रोबायोटिकच्या कॅप्सुलांमधून ते पोटात सोडता येतात, काहींना गुण येतो, काहींना येत नाही, हेही समजावलं. शेवटचं वाक्य सोडून सगळं मनोहररावांना पटलं. वाईट जंतू म्हणजे तण आणि चांगले जंतू म्हणजे निंदणारे मजूर!

तेव्हापासून सकाळी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "आज बंदेच्या बंदे मजूर कामावर आले, सर." नाहीतर पडेल आवाजात, "आज एकबी मजूर नाई फिरकला."

दुसराच प्रकार जास्त. नवी कॅप्सूल आली की काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. "बाहेरचे मजूर हायेत, आपलं ऊन सोसत नाई त्याइले," असं म्हणून ते पुन्हा पुढच्या कंपनीच्या कॅप्सुला आणत. लग्नात गेले तर मांडवाच्या कडेची खुर्ची धरत. पहिल्यांदा नवरदेव नाही, संडास कुठे आहे ते पाहत. मी हसायचो, पण खरं सांगतो, असं जगणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

अख्खी कॉलनी सांगायची, ताक प्या. पण दूध, दही, ताक यातलं काही पोटात गेलं की त्यांचा दिवस संडासातच जायचा. तरी हा माणूस रोज घरी दही लावायचा आणि वाटी आमच्याकडे आणून द्यायचा. "खात नाही तर लावता कशाला?" असं आमची ही विचारायची. "सवय हाय वहिनी," म्हणून ते विषय मिटवायचे.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक वैशाली अकोल्याला दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवू नये, ही जुनी रीत. आता कोण पाळतं? पण मनोहररावांनी ती अशी उराशी धरली की बस. व्याह्यांचं बोलावणं आलं की म्हणायचे, "रीत म्हंजे रीत." पोटाचं सांगून टाका, असं मी म्हटलं तर खवळले. "व्याह्याले काय सांगू? तुमच्या घरी मले हागवन लागन म्हनून?"

मग वैशालीला मुलगी झाली. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपणही अकोल्यालाच झालं. बारशाचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. "बाबा, आता तं जेवान न माह्या घरी?" एवढंच ती म्हणाली. मनोहररावांपाशी आता रीत उरली नव्हती.

त्यांनी नवे मजूर आणले. बारशाआधीचे दिवस नुसत्या भातावर काढले. पोट शांत झालं. सोबतीला मला घेतलं. एसटीत संडासाची सोय नसते म्हणून आम्ही दोघांनी बडनेऱ्याहून रेल्वे धरली आणि संडासाजवळची जागा पकडली. मूर्तिजापूर जवळ येऊ लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एका संडासाला आतून कडी, दुसऱ्यात पाण्याचा थेंब नाही. स्टेशन येताच त्यांनी पिशवीतला डबा माझ्या हातात कोंबला.

"हा वैशूले द्या. आडवा नोका करू." आणि ते उतरले. गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर पोट धरून पळत होते.

अकोल्यात मी सांगितलं, वावरात अडचण आली. व्याही हसले. "आमच्या घरचं अन्न पचत नाई वाटते त्याइले." वैशालीने मान खाली घातली.

स्वयंपाकघरात मी तिला डबा दिला. मला वाटलं, कॅप्सुला असतील. तिने झाकण काढून वास घेतला आणि ओट्याला टेकली.

"काका, आईचं विरजन हाय हे. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं दही लावलं होतं. बाबानं त्यातलं राखलं. तवापासून बाबा रोज त्याच्यावरच दही लावते."

आमच्या फ्रिजमध्ये कॅप्सुलांच्या मागे कापड बांधलेली एक वाटी असायची. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना वैशालीने त्याच डब्यात दही दिलं. अमरावतीत मनोहरराव त्यांच्या घराच्या ओट्यावर माझी वाट पाहत होते. नात कोणासारखी आहे ते विचारलं, मग डब्याकडे पाहिलं.

"वैशालीनं लावलंय," मी म्हणालो.

ते आत जाऊन चमचा घेऊन आले.

"अहो, तुम्हाला चालत नाही!"

"मले मालूम हाय."

त्यांनी सावकाश खाल्लं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

"जेवलो, सर, लेकीच्या घरी." डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "बुडाशी चमचाभर ठेवलं हाय. तुमच्या फ्रिजमधी ठेवा, मरन नाई तं. तुमी जा आता. मले अंदर जा लागते."

पोट धरून ते आत गेले. मी डबा आडवा होऊ न देता घरी आणला आणि फ्रिजमध्ये ठेवला.