चिठ्ठीवर नसलेला जिन्नस

“मी त्या बिस्किटांत आहे आणि चिठ्ठीवर माझं नाव नाही, एवढंच माझं म्हणणं आहे,” अव्होकॅडो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि हौसाबाई जगतापांनी त्याला तिसऱ्यांदा बजावलं की फळानं फळासारखं राहावं, बायकांच्या पदार्थात नाक खुपसू नये.

“नाक मी खुपसलेलं नाही,” अव्होकॅडो म्हणाला. “मला तुम्हीच त्यात घातलंत. म्हणजे माझ्या चौघा भावांना.”

हा वाद फलटणला अत्तारांच्या बेकरीत, दिवाळी पाच दिवसांवर आलेली असताना, भर दुपारी चालला होता. दिवाळीच्या आठवड्यात ही बेकरी पाव भाजत नाही. गावातल्या बायका घरून मळलेले गोळे डब्यांतून आणतात, तिथल्या पत्र्याच्या ट्रेवर थापतात आणि युनूसभाई अत्तार ते भाजून देतात. ट्रेच्या कोपऱ्यात पिठाच्या गोळीनं एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर बाईचं नाव आणि आतले जिन्नस; भाजून झालं की ती डब्याबरोबर घरी जाते. युनूसभाईंच्या आजोबांपासूनचा नियम असा, की जे ट्रेत आहे ते चिठ्ठीवर पाहिजे. नाव राहून गेलेल्या जिन्नसाला हरकत घेता येते, आणि हरकत मिटेपर्यंत भट्टीचं दार उघडत नाही. नंबर ओलांडून पुढचा ट्रेही घेता येत नाही. दार मिटलं की सगळी रांग अडते.

युनूसभाईंनी लोखंडी आकडा अडकवून दार दोनदा ओढून पाहिलं होतं. मग त्यांनी आकडा खाली ठेवला, हात पुसले आणि हरकतींचं रजिस्टर काढलं. अव्होकॅडोला त्यांनी तराजूच्या पारड्यात बसवलं, कारण फळीवरून तो घरंगळत होता. मागं तीस-एक बायका आपापल्या डब्यांवर बसून ऐकत होत्या.

त्यात नवल वाटण्यासारखं कुणाला काही नव्हतं. सात वर्षांपूर्वी नलू भोईटेनं चिठ्ठीवर साजूक तूप लिहिलं होतं आणि वनस्पती तुपानं हरकत घेतली होती. थंडीचे दिवस होते, त्यामुळे त्याची जबानी फार सावकाश झाली. नलूबाईंनी ते रांगेसमोर कबूल केलं, चिठ्ठी दुरुस्त केली आणि त्या सालची दिवाळी त्यांनी माहेरी काढली. आज त्या हौसाबाईंच्या बरोबर मागं बसल्या होत्या आणि त्यांनी सोबत आणलेला चिवडा उघडला होता.

“हौसाक्का, लिहून टाक की,” त्या म्हणाल्या. “मी लिहिलं होतं. मेले का मी?”

हौसाबाईंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांचं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं त्या स्वतः विचारून, वाचून, करपवून शिकलेल्या. फलटणमधल्या निम्म्या सुनांना नानकटाईचं प्रमाण त्यांनी दिलेलं. तुपाचा डबा झाकणावरून ओळखणारी बाई. तुपाला पर्याय सांगणाऱ्याला त्या उभ्या उभ्या झाडत, मग तो डॉक्टर असो नाहीतर जावई. आणि अशा बाईचा ट्रे, नंबर सतरा, काळ्या चॉकलेटच्या बिस्किटांनी भरलेला समोर पडला होता आणि त्यात तूप चमचाभरसुद्धा नव्हतं. कोकोनं हिरवा रंग झाकला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: गव्हाचं पीठ, कोको, गूळ, खायचा सोडा, मीठ. त्यापुढं जागा सोडली होती. एवढी खोटी बाई त्या नव्हत्या की तिथं तूप लिहितील.

लाज वाटली की हौसाबाईंचा आवाज चढत असे. हे त्यांना ठाऊक होतं, गावाला नव्हतं. गाव त्याला बाणेदारपणा म्हणे.

अव्होकॅडो मात्र शांत होता. त्याचं मराठी पुस्तकी होतं, कारण तो बाहेरगावचा. त्यानं सांगितलं की पिशवीत आम्ही पाच जण होतो. चौघं पिकले होते, त्यांना काल कापून, कुस्करून, गुळाबरोबर फेसलं. मी कडक होतो म्हणून राहिलो आणि पिशवीच्या तळाशी चुकून इथवर आलो. लपवल्याचा मला राग नाही. कोकोखाली कुणीही लपतं. पण चौघं भट्टीत जाणार, तर मागं नाव तरी राहावं.

युनूसभाईंनी हे सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी हौसाबाईंना विचारलं, की मावशी, नाव का गाळलं ते सांगा, कारण योग्य असलं तर विचार करता येईल.

हौसाबाईंनी कारण सांगितलं. ते निम्मं खरं होतं, म्हणून त्यांना ते ठणकावून सांगता आलं. श्रावणात आप्पांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी तूप, लोणी, मैदा सगळ्यावर काट मारली. आप्पा रिटायर कंडक्टर. चाळीस वर्षं पहाटेच्या गाडीआधी चहात बिस्कीट बुडवून खाल्लेला माणूस. आता ते सकाळी चहात नुसता चमचा बुडवतात आणि चमचा चोखतात. तीन महिने हे बघते आहे मी, हौसाबाई म्हणाल्या. दिवाळीच्या सकाळी त्या माणसाच्या हातात बिस्कीट पाहिजे. पण पथ्याचं म्हणून काही पुढं केलं की तो ताट सारतो, आणि चिठ्ठी, तिकीट, पाटी, जे दिसेल ते वाचल्याशिवाय राहत नाही. चिठ्ठीवर हे असलं नाव वाचलं तर तो ते तोंडाला लावायचा नाही.

रांगेत थोडी कुजबुज झाली आणि ती हौसाबाईंच्या बाजूची होती. युनूसभाईंनी टाक थांबवला.

“आप्पांना माहीत आहे,” अव्होकॅडो म्हणाला.

नलूबाईंचा चिवड्याचा हात डब्यात राहिला.

“परवा तुम्ही देवळात गेलात तेव्हा त्यांनी मला पिशवीतून उचललं. विचारलं, बिस्किटात जाणार का? मी म्हटलं, मी अजून कडक आहे, हे चौघं जातील. ते म्हणाले, बरं. हिला यातलं काही बोलू नकोस, मला कळलंय म्हटलं की ती करायचीच नाही.”

हौसाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं तपासलेल्या माणसानं आपलंही तपासलं आणि न बोलता परत दिलं, हे त्यांना तिथं, तीस बायकांसमोर, एका फळाच्या तोंडून कळत होतं. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

“लिही,” त्या म्हणाल्या. “अव्होकॅडो चार.”

युनूसभाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, रजिस्टरात लिहिलं आणि अव्होकॅडोला विचारलं. अव्होकॅडो म्हणाला, माझी हरकत मी मागं घेतो, आभारी आहे. नलूबाईंनी डबा मिटला. पुढच्या बाया उठून उभ्या राहिल्या. युनूसभाईंनी आकडा अडकवला आणि दार ओढलं.

दार उघडलं नाही.

त्यांनी हजेरी घेतली. पीठ हजर होतं. कोको हजर, गूळ हजर. सोड्यानं हळू आवाजात ओ दिली. मिठानं दोनदा दिली, त्याला आपण कमी पडलो असं वाटत होतं. चारी अव्होकॅडो एका सुरात बोलले, कारण आता ते एकच झाले होते. चिठ्ठीवरचे सगळे ट्रेत होते.

“अंडं घातलंस का गं?” नलूबाईंनी कानाशी येऊन विचारलं. “घातलं असशील तर सांग. आमच्यात चालतं.”

“अंडं नाही,” पारड्यातला अव्होकॅडो म्हणाला. “पण अजून एक जिन्नस आहे. मळताना हातांतून उतरला. तो स्वतः हरकत घेणार नाही, त्याला बोलायची सवय नाही. मी त्याचं नाव सांगू शकत नाही. ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं.”

युनूसभाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि अव्होकॅडोवर अंगठा दाबून पाहिला. भट्टीच्या उबेनं तो पिकायला लागला होता. देठाजवळ अंगठा किंचित रुतला. मऊ झालेल्या साक्षीदाराची जबानी धरत नाहीत, कारण तो दाबेल तिकडं वळतो. युनूसभाईंनी सांगितलं की मावशी, फार तर पाव तास. नंतर ट्रे परत घ्यावा लागेल. आणि तुमचं हे पीठ उद्यापर्यंत टिकायचं नाही, ते आताच कडेनं काळवंडतंय.

हौसाबाईंना तो जिन्नस ठाऊक होता. काल गोळा मळताना तो बोटाबोटांतून गेला होता आणि त्यांनी तो जाऊ दिला होता.

गेल्या दिवाळीला याच रांगेत कदमांची शीतल उभी होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या सासऱ्यांना कोलेस्टेरॉलचा त्रास, म्हणून पोरीनं कुठूनतरी शोधून, घरी चार वेळा करून बघून, अव्होकॅडोची चॉकलेटची बिस्किटं आणली होती. चिठ्ठीवर सगळं प्रमाणासकट स्वच्छ लिहिलं होतं. हौसाबाईंनी तिच्या ट्रेतला कच्चा गोळा चिमटीत धरून, हुंगून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, “कुणी आजारी आहे का गं घरात? हे बिस्कीट म्हणायचं का काढा?” रांग हसली. हौसाबाई बोलल्यावर रांग हसतच असे. शीतलनं भट्टीपाशी पोचलेला ट्रे मागं घेतला, गोळे पुन्हा डब्यात भरले आणि ती कच्चं पीठ घेऊन घरी गेली. चिठ्ठी खाली पडली. हौसाबाईंनी ती उचलली. कचरा नको म्हणून उचलली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. वर्षभर ती कणकेच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली होती. श्रावणात त्यांनी ती काढली आणि चष्मा लावून वाचली. शेवटची ओळ होती, पाणी अजिबात नाही.

शीतल आजही रांगेत होती. नंबर वीस. तिचा ट्रे फळीवर आला होता आणि हौसाबाईंना त्याची चिठ्ठी इथूनही वाचता येत होती: मैदा, साजूक तूप, पिठीसाखर, वेलची. त्यांचंच प्रमाण. पोरीनं यंदा मुकाट्यानं हौसाबाईंची नानकटाई केली होती, सासऱ्यांना न चालणारी.

ट्रे उचलून घरी जाता येत होतं. हौसाबाईंनी खरोखरच कडा धरल्या, पत्रा गार होता. आयुष्यात त्या कुठल्याही रांगेतून माघारी गेल्या नव्हत्या. मग त्यांना गेल्या सालची ती पोर दिसली, डबा छातीशी धरून बेकरीच्या पायऱ्या उतरताना, आणि त्यापुढं आप्पा दिसले, चमचा चोखताना. त्यांनी कडा सोडल्या.

तेवढ्यात शीतल उठून पुढं आली. तिनं ट्रेवर वाकून बिस्किटं पाहिली, एकाला बोटानं हलकं दाबलं आणि अगदी हळू, घरगुती आवाजात विचारलं, “आज्जी, मळताना पाणी नाही ना घातलंत? पाण्यानं ती पसरतात.”

रांगेतल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचा अर्थ तिथं तिघांनाच कळला, आणि तिघांतला एक तराजूच्या पारड्यात होता. पोरीनं ओळखलं होतं. ओळखून तिनं चारचौघांत तोंड काळं न करता, नुसती मान हलवून सुटता येईल एवढी वाट ठेवली होती. गेल्या साली हौसाबाईंनी तिला तेवढीही ठेवली नव्हती.

“नाही घातलं,” हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. नलूबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, कारण हा आवाज त्यांनी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता.

अव्होकॅडो देठापासून खाली मऊ होत चालला होता. युनूसभाईंनी दौतीत टाक बुडवला आणि वाट पाहत राहिले. हौसाबाईंनी भट्टीकडे पाठ केली, रांगेकडे तोंड केलं आणि एकच वाक्य सांगितलं. त्याबरोबर दार आकडा न लावताच उघडलं, नंबर सतरा आत गेला आणि रांग पुढं सरकली. ते वाक्य अत्तारांच्या रजिस्टरात जिन्नसांच्या रकान्यात आजही तसंच आहे:

“कृती शीतल कदमची, गेल्या साली मी हसून घालवलेली आणि मागनं उचलून नेलेली, आणि लाज, अंदाजानं नव्हे, पुरती, सगळी माझ्या हातची.”