हार्मनच्या खिडकीचे पडदे

प्रोजेक्टरमधलं आपल्याइतकं अख्ख्या फ्रीसलँड प्रांतात कुणाला कळत नाही, असं हार्मनचं ठाम मत होतं! कोणता घ्यावा हे ठरवायला तीन महिने तो वहीत रकाने आखत बसला होता. उजेड किती, पंख्याचा आवाज किती, काळा रंग खरंच काळा दिसतो की राखाडी!

त्याची बायको आउक्ये पुढच्या खोलीत खाटेला खिळली होती. डॉक्टरांनी फार तर उन्हाळाभर असं सांगितलं होतं. तिला एकच हवं होतं. लग्नाआधी दोघं गोठलेल्या कालव्यावर स्केटिंगला गेली होती, त्याची जुनी फिल्म भिंतभर बघायची. या गोष्टीच्या शेवटी हार्मन तोंडावर आपटतो, ते तर नक्की!

"लवकर निवड रे. तुझ्या वहीला वेळ आहे, मला नाही."

"घाई केली की फसगत होते!" हार्मन म्हणाला.

जूनमध्ये एका सकाळी त्याने परतीच्या बोलीवर दोन प्रोजेक्टर आणले आणि रस्त्याकडचे पडदे ओढले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! त्या गल्लीत दिवसा पडदे ओढतात ते घरात कुणी वारलं तरच, हे तो पार विसरला.

भिंतीवर बर्फ उजळला.

"अगंबाई, माझी लाल टोपी! हाच घे!"

"थांब. काळा रंग राखाडी दिसतोय." त्याने तो बंद करून दुसरा जोडायला घेतला, तेवढ्यात घंटा वाजली.

दारात समोरची सीत्स्के. अंगात काळा कोट, हातात केक. तिने हार्मनला मिठीच मारली. "सुटली बिचारी! जरा खाष्ट होती, पण मनाने सोनं!"

"खाष्ट कोण गं?" आतून आउक्ये ओरडली.

सीत्स्के पांढरीफटक पडली. मग तिने केक काखोटीला मारला.

"केक तरी ठेवून जा!" आउक्येने खाटेवरूनच सांगितलं.

"तो दुखवट्याचा आहे," म्हणत सीत्स्के गेली. इतक्या लवकर केक भाजून होत नाही. बाईने आधीच करून ठेवला असणार!

आउक्ये खोकला येईपर्यंत हसली. हार्मनला मात्र दुसऱ्यातही खोट सापडली. मग दर आठवड्याला पडदे ओढले जायचे, नवा प्रोजेक्टर दोन मिनिटं चालायचा आणि परत जायचा. लाल टोपीच्या पुढे फिल्म कधी गेलीच नाही. गल्लीनेही त्या खिडकीकडे बघणं सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये आउक्ये गेली.

हार्मनने पडदे ओढले आणि तो वाट बघत बसला. दिवसभर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दार उघडलं, तर सीत्स्के समोर कुंड्यांना पाणी घालत होती.

"काय रे, ठरला का एकदाचा? कोणता?" तिने हसत विचारलं.

"पहिलाच चांगला होता," हार्मन म्हणाला. त्याला रडू आवरेना. "सीत्स्के, आता केक आण."