धानोऱ्यात दुबोआ सरांचा दहावा

खून सभ्यपणे कसा करावा, हे नंदुरबार जिल्ह्यात फक्त मला कळतं. रक्त नाही, आरडाओरडा नाही. फ्रान्समधलं जुनं विद्यापीठ, प्राध्यापकांची खोली, कॉफीचे कप आणि एका कपात विष. मी फ्रान्सला गेलेलो नाही. सुरतेपर्यंत गेलोय. पण शहाद्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फ्रेंच शिकवतो, म्हणजे या खुनावर हक्क माझाच.

विद्यार्थी तीन. प्राचार्य उमाकांत सर मला म्हणाले होते, "धानोऱ्याला आपलं शिबिर आहे, तिथे तुमचं नाटक ठेवा. मी बघायला येतो. रंगलं तर वर्ग ठेवू. नाहीतर जूनपासून ती खोली कॉमर्सला."

खोली कॉमर्सला, म्हणजे मी घरी. म्हणून नाटकात मी माझा जीव ओतला आणि दुबोआ सरांचा घेतला.

प्रवेश पहिला (लिहिल्याप्रमाणे झाला)

शाळेचं पटांगण, समोर अख्खं गाव. भाग्येश, म्हणजे प्राध्यापक दुबोआ, कॉफी पितो, टाय सैल करतो आणि मरतो. नवनीत, म्हणजे ग्रंथपाल, त्याच्यावर चादर टाकतो. गायत्री, म्हणजे प्राध्यापिका क्लेर, म्हणजे खरी खुनी, कप खाली न ठेवता म्हणते, "अरेरे. आता विभागप्रमुख कोण?" मग दोघं प्रेताशेजारी बसून उरलेली कॉफी पितात.

फ्रेंच माणूस असाच थंड असतो, अशी माझी समजूत. विंगेत मी माझीच पाठ थोपटत होतो, हात पोहोचेल तिथपर्यंत.

प्रवेश दुसरा (पोलीस चौकशी. झाला नाही)

पहिल्या रांगेतल्या जमनाबाई उठल्या. गावात कुठेही मयत झालं की कोणी कुठे बसायचं, हे त्या ठरवतात.

"मयतजोडे कोनी बठत काबर नही?"

"आजी, हे नाटक आहे," नवनीत म्हणाला.

"माले काय दिखत नही का? नाटक ते नाटक, पन मयत ते मयत ना भाऊ. तठे मानूस पडेल शे नि तुम्ही चहा पी ऱ्हायनात."

"कॉफी," नवनीत म्हणाला.

इथे गाव माझ्या हातातून गेलं. जमनाबाई स्टेजवर चढल्या. मागून बायकांची फौज. कप विंगेत आले, टेबल कोपऱ्यात गेलं, आयफेल टॉवरचा पडदा गुंडाळला गेला. डोक्यावर पदर घेऊन बायका भाग्येशभोवती बसल्या आणि एकीने असा सूर लावला की चादरीखालून स्वतः मयतानेच हुंदका दिला.

गायत्री घाबरली. तिचा कबुलीजबाब शेवटच्या प्रवेशात होता, अर्धा फ्रेंचमध्ये, आणि तिने तो आरशासमोर पाठ केला होता. तिने तो तिथेच उरकायला घेतला. "मीच मारलं त्यांना! कॉफीत विष मीच घातलं!"

जमनाबाईंनी तिला कुशीत ओढलं. "उगी माय, उगी. दुखमा मानूस काहीबी बोलस."

"अहो, खरंच मी मारलंय."

"हां, हां. पानी दे वं तिले कोनी."

गायत्रीने त्या पदरातून माझ्याकडे पाहिलं. खुनी बाई गुन्हा कबूल करतेय आणि तिला कोणी करू देत नाही, असं मी कुठेच वाचलं नव्हतं.

प्रवेश तिसरा (लिहिलेलाच नव्हता)

"याना मांगे कोन शे?" जमनाबाईंनी विचारलं.

"मुलगा आहे, पण कॅनडात," मी विंगेतून प्रॉम्प्ट केलं. ती माझी चूक.

"आनी तुम्ही कोन?"

"मी लेखक."

"म्हंजे याले जनम तुम्हीच दिधा?"

"तसं म्हणता येईल."

"आनी मारं बी तुम्हीच?"

"गोष्टीसाठी."

"मंग बठा अठे."

माझ्या खांद्यावर टॉवेल आला. दुःखाच्या घरी भेटायला येतात, ज्याला आमच्याकडे दारवर येणं म्हणतात, तसं गाव रांगेने दारवर येऊ लागलं. माणसं यायची, माझा खांदा दाबायची, गप्प बसायची. "चांगला मानूस व्हता," एक आजोबा म्हणाले. दुबोआंशी त्यांची ओळख कॉफीचा एक कप संपेपर्यंतची. तरी मला भरून आलं. मी तो माणूस चांगलाच लिहिला होता.

मग उमाकांत सर आले. माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "नाटक पार बुडालं तुमचं. त्या खोलीचं आपण आता..."

"सायेब, मोठा बोला," जमनाबाई म्हणाल्या. "दुखमा कानगोष्टी नही करतस."

सर सरळ झाले. गाव बघत होतं.

"धीर धरा," ते मोठ्याने म्हणाले.

"धीर ते धरी. पन मांगे ऱ्हायना त्यानं पोट कसं चाली, ते कोनी बोलशात का नही?" दारवर आलेल्या मोठ्या माणसाला हे विचारायचंच असतं.

सरांनी गावाकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. "चालेल. फ्रेंचचा वर्ग चालूच राहील."

टॉवेलात तोंड लपवून मी हसलो. गावाला तो माझा हुंदका वाटला.

"मंग दहावा बी उरकी ल्या," जमनाबाई म्हणाल्या. "शिबिर उठनं का तुम्ही काय परत येनार नहीत. सकाळे डोकं भादरी ल्या."

"डोकं कशाला?" मी टॉवेल खाली घेतला.

जमनाबाईंनी न्हाव्याला निरोप धाडला. उमाकांत सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आशा दिसली. मी नाही म्हटलं, तर दुःख नाटकातलं ठरणार. आणि दुःख नाटकातलं, तर मयताशेजारी दिलेला शब्दही नाटकातलाच.

"वस्तरा नवा असेल ना?" मी विचारलं.

प्रवेश चौथा (शहादा, माझं घर)

सकाळच्या एसटीत न मागता खिडकी मिळाली. कंडक्टरने सुटे मागितले नाहीत. शेजारच्या बाईंनी स्वतःची पिशवी माझ्या पायाजवळून उचलून मांडीवर घेतली. वर्ग वाचला होता आणि डोक्याला वारा लागत होता, बाकी तक्रार नव्हती.

दार वडिलांनी उघडलं. अंगात बनियन, तोंडात ब्रश. त्यांनी माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली मान घालून स्वतःकडे पाहिलं. ब्रश बाहेर काढला.

"मी कव्हय मरनू रे?"